पहिल्या वर्षाचे विद्यार्थी: घाटनांदूर परिसरातील उच्च शिक्षणाची शंभर वर्षे

घाटनांदूर हे बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातील, बालाघाटाच्या पठारावरचे मोठे गाव. परळी वैजनाथ ते विकाराबाद या लोहमार्गावर, परळी आणि लातूर रोड यांच्या दरम्यान त्याचे स्थानक आहे. तालुक्याचे ठिकाण असलेली अंबाजोगाई रस्त्याने साधारण वीस किलोमीटरवर असली, तरी तिथे रेल्वे पोचलेली नाही. हा लोहमार्ग निजामाच्या राजवटीत १९३० च्या सुमारास घातला गेला आणि त्याने या भागातील मुलांच्या उच्च शिक्षणाची दिशा बरीच वर्षे ठरवून टाकली. घाटनांदूरला गाडीत बसलेला मुलगा विकाराबादमार्गे सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या हैदराबादला जाई. पुण्या-मुंबईची महाविद्यालये दुसऱ्या राज्यात होती आणि औरंगाबादला जायचे तर वाटेत गाडी बदलावी लागे, कारण मनमाडहून परभणीकडे येणारा मार्ग मीटरगेज होता. त्याचे रुंदीकरण १९९० च्या दशकात झाले.

या परिसरातून महाविद्यालयात जाणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापुढे तीन प्रश्न कायम राहिले: कोणत्या भाषेत शिकायचे, राहायचे-जेवायचे कुठे, आणि अनोळखी मुलांत मिसळायचे कसे. प्रत्येक पिढीत यांतला एखादा प्रश्न सुटत गेला आणि दुसरा पुढे आला. मुलाची चिकाटी लागेच, पण तो शहरात टिकणार की दिवाळीला घरी येऊन परत न जाणार, हे बहुतेक वेळा त्याच्याभोवतीच्या सोयींवर अवलंबून राही.

उर्दूतून पदवी

हैदराबाद संस्थानात १८८७ पासून निजाम कॉलेज होते. ते मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते आणि शिक्षण इंग्रजीतून चाले. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा माध्यम म्हणून उर्दूची निवड झाली. आधुनिक विषयांचे पदवी शिक्षण भारतीय भाषेतून देण्याचा तो देशातील पहिला मोठा प्रयोग होता. त्यासाठी आदल्याच वर्षी भाषांतर विभाग उघडून विज्ञान, कायदा, इतिहास यांची पाठ्यपुस्तके उर्दूत आणण्याचे काम सुरू झाले होते. उर्दू घरात बोलणाऱ्या मुलांना त्याचा मोठा लाभ झाला. मराठी, तेलुगू आणि कन्नड घरांतील मुलांना मात्र परक्या भाषेचा डोंगर ओलांडूनच विषयापर्यंत पोचावे लागे. इंग्रजी हा विषय सक्तीचा होताच, म्हणजे घरच्या भाषेखेरीज दोन भाषा हाताशी लागत.

उर्दूची तयारी शाळेपासूनच करावी लागे. सरकारी शाळांच्या पायऱ्या तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया अशा नावांनी ओळखल्या जात. फौकानिया म्हणजे हायस्कूल, आणि तिथवर पोचलेली खेड्यातली मुले थोडी असत. मॅट्रिक झाल्यावर दोन वर्षांचे इंटरमीजिएट आणि मग बी. ए. किंवा बी. एस्सी. असा क्रम होता. आज ज्याला पहिले वर्ष म्हणतात ते त्या काळी इंटरचे पहिले वर्ष. शेरवानी हा विद्यार्थ्याचा गणवेश होता. गावात धोतर-सदऱ्यात वाढलेल्या मुलाला वसतिगृहात पेहराव, जेवणाची पद्धत आणि संबोधने एकदमच बदलावी लागत.

हैदराबादेत मराठी माणसांची जुनी वस्ती होती. तिथे मराठी शाळा होत्या, मराठी ग्रंथसंग्रहालय होते, आणि उस्मानियात मराठी हा विषयही शिकवला जाई. शहरात नातलग असेल तर मुलगा त्याच्याकडे राही, नसेल तर गावच्या किंवा जवळपासच्या मुलांच्या आधाराने खोली घेई. मध्ययुगात पॅरिस आणि बोलोन्याच्या विद्यापीठांत एका मुलखाचे विद्यार्थी एकत्र येऊन आपला संघ बनवत. हैदराबादेत असा औपचारिक संघ नसला, तरी गाववाल्याने गाववाल्याला सांभाळण्याची रीत पक्की होती.

औरंगाबादचे इंटर कॉलेज आणि वंदे मातरम्

मराठवाड्यातच इंटरपर्यंत शिकण्याची सोय १९२३ साली औरंगाबादेत झाली. उस्मानियाच्या छत्राखालील हे कॉलेज म्हणजे पुढचे शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय. उर्दूचे नामवंत अभ्यासक मौलवी अब्दुल हक हे काही काळ त्याचे प्राचार्य होते. परळी-परभणी मार्गे तिथे पोचता येई, आणि पहिली दोन वर्षे मराठी मुलखात काढून मग हैदराबाद गाठणे अनेकांना सोयीचे पडे.

याच कॉलेजच्या वसतिगृहात नोव्हेंबर १९३८ मध्ये वंदे मातरम् गाण्यावरून वाद उभा राहिला. काही दिवसांतच तो उस्मानियाच्या वसतिगृहांत पोचला. प्रार्थनेत हे गीत म्हणण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली, विद्यार्थ्यांनी ती मानली नाही, आणि मोठ्या संख्येने त्यांना वसतिगृहातून व कॉलेजातून काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने कुलगुरू टी. जे. केदार यांच्या काळात त्यांतील अनेकांना प्रवेश दिला. इंटरच्या मुलांना याची झळ वेगळ्या प्रकारे लागली. उर्दूतून अभ्यासाची जेमतेम सवय झालेल्या मुलांना दुसऱ्या प्रांतात, इंग्रजी माध्यमात नव्याने सुरुवात करावी लागली. वसतिगृह ही केवळ राहण्याची जागा नसते आणि तिथे कोणते गाणे म्हणावे हाही शिक्षणाचा प्रश्न असतो, हे संस्थानातल्या मराठी कुटुंबांना त्या वर्षी उमगले.

कॉलेज दूर असले तरी हायस्कूल जवळ होते. अंबाजोगाई, तेव्हाचे मोमिनाबाद, ही हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या वारशामुळे मराठी साहित्यात या गावाला मानाचे स्थान आहे. तिथे १९१७ साली योगेश्वरी शाळा सुरू झाली. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून आलेले स्वामी रामानंद तीर्थ १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात या शाळेचे प्रमुख होते, आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांच्यासोबत होते. आसपासच्या खेड्यांतील मुले शिकायला गावात येऊन राहत. घर सोडून राहण्याचा पहिला अनुभव त्यांना कॉलेजात न मिळता इथेच, हायस्कूलच्या वयात मिळे.

घराबाहेर राहून शिकायचे तर जेवणाचाही प्रश्न असे. गरीब ब्राह्मण मुलांसाठी महाराष्ट्रातील अनेक गावांत वार लावून जेवण्याची चाल होती. आठवड्याचे सात वार सात घरी वाटून घेतले की जेवणाचा खर्च वाचे. ही सोय जातीच्या चौकटीतली होती. इतर जातींच्या मुलांसाठी वेगळ्या व्यवस्था लागल्या. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली, आणि साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. निजामाच्या मराठवाड्यात अशा सोयी फार थोड्या होत्या, आणि दलित मुलाला कॉलेजच्या शहरात भाड्याने खोली मिळणेही अवघड होते.

१९५० नंतरची पहिली पिढी

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. उस्मानियाचे माध्यम पुढे उर्दूऐवजी इंग्रजी झाले. उर्दूत पाया घातलेल्या मुलांची एक पिढी या बदलात मधल्या मध्ये सापडली.

१९५० साली मराठवाड्यात दोन महत्त्वाची महाविद्यालये निघाली. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून पीपल्स कॉलेज सुरू झाले. औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. छावणीतल्या जुन्या बराकींत वर्ग भरू लागले आणि नव्या इमारतीची कोनशिला १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसवली गेली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या काळात महाविद्यालयाचा नागसेनवन म्हणून ओळखला जाणारा परिसर आकाराला आला. या महाविद्यालयाचे मोठे काम वर्गाबाहेर झाले. घरात पहिल्यांदाच शिकणारी, कोणत्याही वाड्यात खोली न मिळणारी मुले तिथल्या वसतिगृहात एकत्र राहिली. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू होती, पण ती मंजूर होऊन हातात पडेपर्यंत दिवस कसे काढायचे हा प्रश्न उरेच. वसतिगृहाने तो बऱ्याच अंशी सोडवला. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ या १९७९ च्या आत्मकथनात मराठवाड्यातल्या दलित मुलाच्या शिक्षणातली भूक आणि आसऱ्याचा शोध यांचे तपशीलवार चित्रण आहे.

सुरुवातीच्या वर्षांतले अपयश आणि बुद्धिमत्ता यांचा मेळ लागतोच असे नाही. विचारवंत नरहर कुरुंदकर हे वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे. ते शिकायला हैदराबादला मामांकडे, उस्मानियात मराठी शिकवणाऱ्या ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे राहिले. तिथे त्यांचे वाचन अफाट वाढले, पण इंटरची परीक्षा त्यांना वारंवार हुलकावणी देत राहिली. पुढे ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि नंतर प्राचार्य झाले.

विद्यापीठ जवळ आले

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. स. रा. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू. उस्मानियाशी जोडलेली महाविद्यालये आता नव्या विद्यापीठाकडे आली आणि घाटनांदूरच्या विद्यार्थ्याची दिशा हैदराबादहून वळली. बीडचे बलभीम महाविद्यालय १९६० मध्ये निघाले. अंबाजोगाईत योगेश्वरी शिक्षण संस्थेचे महाविद्यालय त्याआधीच, १९५० च्या दशकात सुरू झाले होते. पुढे तिथेच खोलेश्वर महाविद्यालय आणि परळीत वैद्यनाथ महाविद्यालय निघाले. १९७४ मध्ये अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. ग्रामीण भागासाठी काढलेले म्हणून त्याचा गवगवा झाला, आणि तालुक्याच्या गावात राज्याच्या कानाकोपऱ्यातून डॉक्टर होऊ पाहणारी मुले येऊ लागली.

अकरावी मॅट्रिकनंतर एक वर्षाचा पूर्व-विद्यापीठ अभ्यासक्रम, म्हणजे पीयूसी, आणि मग तीन वर्षांची पदवी अशी तेव्हाची रचना होती. पीयूसीला आलेला मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असे. शाळेत मराठीतून शिकलेल्या मुलाला इथे इंग्रजीतली व्याख्याने ऐकावी लागत, आणि पीयूसीत नापास होऊन शेतीकडे परतलेल्यांची संख्या मोठी होती. कला शाखेत हळूहळू मराठीतून शिकण्याची आणि उत्तरे लिहिण्याची मुभा मिळाली. विज्ञान शाखेत इंग्रजीच राहिली. १९७० च्या दशकात १०+२+३ हा आकृतिबंध आला तेव्हा अकरावी-बारावीचे वर्ग हायस्कुलांनाही जोडले गेले. त्यामुळे पदवीच्या पहिल्या वर्षाला येणारा विद्यार्थी थोडा मोठा झाला, आणि बारावीपर्यंत गावाजवळ राहणे अनेकांना शक्य झाले.

पैशाची अडचण थोडी हलकी केली ती आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीच्या ईबीसी सवलतीने. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वर्षाला १२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांची फी माफ झाली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला कॉलेजचा विचार करता येऊ लागला तो यामुळे. फी माफ झाली तरी खोलीभाडे, जेवण आणि पुस्तके यांचा भार घरावरच राही.

खोली, मेस आणि एसटीचा डबा

राज्य परिवहन महामंडळ १९६१ मध्ये स्थापन झाले आणि मराठवाड्याची वेगळी एसटी त्यात सामील झाली. गावोगाव एसटी पोचल्यावर विद्यार्थ्यांचे दोन प्रकार झाले. जवळच्या गावचे सवलतीचा मासिक पास काढून रोज जा-ये करत. दूरचे तीन-चार मिळून खोली करत.

खोली करून राहणाऱ्यांसाठी एसटी दुसऱ्या कामीही आली. सकाळच्या पहिल्या गाडीने घरून डबा येई. ज्वारीच्या भाकरी, पिठले किंवा येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी असे फडक्यात बांधून, वर नाव घालून, चालक-वाहकाच्या हवाली केले जाई. मुलगा स्टँडवर जाऊन डबा घेई आणि रिकामा डबा त्याच गाडीने परत पाठवी. यासाठी कुठला करार नव्हता. वाहक ओळखीचा असे आणि गावाशी त्याचे रोजचे नाते असे. गाडी चुकली किंवा ओढ्याला पूर आला, तर त्या दिवशी रूम पार्टनरच्या डब्यात वाटा मिळे. ज्यांच्या घरून डबा येणे शक्य नसे ते खानावळीत, म्हणजे मेसमध्ये, महिन्याचे पैसे भरत. दुष्काळात, विशेषतः १९७२ च्या, हे पैसे थकले की शिक्षणच अर्धवट राही.

या डब्याने आणखी एक काम केले. मूल घरापासून तुटले नाही, आणि जे आई-वडील कधी कॉलेजच्या आवारात आले नाहीत त्यांना मुलाची खबर रोज मिळत राहिली. रोज जा-ये करणाऱ्यांना मात्र शेवटच्या गाडीची घाई असे. त्यामुळे ग्रंथालय, वक्तृत्व स्पर्धा, स्नेहसंमेलनाच्या तालमी यांत खोलीवर राहणारी मुलेच पुढे दिसत. मुलींच्या बाबतीत हा फरक अधिक होता. त्यांना खोली करून ठेवण्यास कुटुंबे क्वचितच तयार होत, म्हणून गाडीची वेळ हीच त्यांच्या शिक्षणाची मर्यादा ठरे.

नामांतर आणि वसतिगृहे

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांवर हिंसक हल्ले झाले, खेड्यांतली घरे जळाली. जून-जुलै हा प्रवेशांचा काळ. त्या वर्षी नव्याने कॉलेजात आलेल्या दलित मुलांना शहरात आणि गावात दोन्हीकडे भीतीच्या छायेत राहावे लागले. वर्गातली ओळख व्हायच्या आधीच जातीची ओळख पुढे आली. सोळा वर्षांच्या संघर्षानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले. लातूर, परभणी आणि नांदेडची महाविद्यालये तिकडे गेली, बीड जिल्हा औरंगाबादकडेच राहिला. त्यामुळे घाटनांदूरच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर, लातूर जिल्ह्याची हद्द लागली की विद्यापीठ बदलते.

लातूरने बदललेले वय

१९८० च्या दशकापासून लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांतून ‘लातूर पॅटर्न’ म्हणून ओळखली गेलेली पद्धत रुजली. जादा तास, सराव परीक्षांची रांग आणि शिक्षकांची थेट देखरेख यांच्या जोरावर बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची मुले झळकू लागली. बीड जिल्ह्यातल्या पालकांनी दहावी झाली की मुलाला लातूरला ठेवण्याचा मार्ग धरला.

याने घर सोडण्याचे वय पंधरा-सोळावर आले. खोली, मेस, घरची आठवण, स्वतःचे कपडे धुणे हे सगळे अकरावीतच उरकू लागले. अशी मुले पुढे वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेली की वसतिगृह त्यांना नवखे नसे. त्यांची अडचण वेगळी होती: दोन वर्षे वेळापत्रकाच्या दोरीने चाललेल्या मुलाला आता स्वतःच अभ्यास आखावा लागे. गावाजवळ बारावी केलेली मुले आणि लातूरहून आलेली मुले एकाच वर्गात बसत आणि पहिल्या सत्रातच त्यांच्यातला फरक दिसे.

रॅगिंग आणि कायदा

नव्या विद्यार्थ्याची थट्टा करण्याची प्रथा व्यावसायिक महाविद्यालयांच्या वसतिगृहांत जोरात होती. परिचयाच्या नावाखाली सुरू होणारी ही थट्टा अनेक ठिकाणी छळापर्यंत जाई. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. २००९ मध्ये हिमाचल प्रदेशात एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमुळे मृत्यू झाल्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले, आणि विद्यार्थी व पालक दोघांकडून हमीपत्र घेणे सक्तीचे झाले. त्यातून नवागतांच्या स्वागताची जबाबदारी वरच्या वर्गाकडून संस्थेकडे आली. आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने प्रवेशानंतरचा परिचय कार्यक्रम सुचवला.

आजचे पहिले वर्ष

आता घाटनांदूरमध्येच वसुंधरा महाविद्यालय आहे. पदवीसाठी गाव सोडावेच लागते असे उरलेले नाही, आणि पूर्वी शिकल्याच नसत्या अशा अनेक मुली पदवीपर्यंत पोचतात. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे लागते. त्यामुळे अंबाजोगाई किंवा परळीला जाणेही स्वस्त झाले. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य सरकार भरते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचा भत्ता आहे.

या सोयी घेण्यासाठी लागणारी कागदपत्रे हीच आता पहिल्या वर्षाची पहिली परीक्षा झाली आहे. टीसी, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, बँक खात्याला आधार जोडणे आणि मग राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज, एवढे सगळे जून ते सप्टेंबर या काळात उरकावे लागते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांतील मुलांपुढे त्यात वेगळा पेच असतो. दसरा-दिवाळीनंतर आई-वडील उचल घेऊन कारखान्याकडे जातात, आणि घर, धाकटी भावंडे व म्हातारी माणसे यांची जबाबदारी नव्याने कॉलेजात गेलेल्या मुलावर किंवा मुलीवर येते. पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी याच काळात येते.

२०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे पहिले वर्ष मोबाइलवरच सुरू झाले. महाविद्यालये उघडली आणि लगेचच एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, त्यामुळे २०२१-२२ च्या हिवाळ्यात खेड्यांतल्या मुलांना कॉलेज गाठणे अवघड झाले. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. आता मुख्य विषय, उपविषय, खुले ऐच्छिक, कौशल्य आणि मूल्यशिक्षण असे गट निवडून श्रेयांकांची बेरीज जुळवावी लागते. ही निवड विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळीच करायची असते, आणि घरात आधी कुणी पदवीधर नसेल तर सल्ला देणारे माणूस महाविद्यालयातच शोधावे लागते.

उस्मानियाच्या काळात अंतर, भाषा आणि निवारा यांनी मुलाला अडवले. त्यांतले अंतर जवळपास संपले आहे. भाषेची अडचण विज्ञान आणि व्यावसायिक शाखांत टिकून आहे. निवाऱ्याचा प्रश्न वसतिगृहे आणि भत्त्यांनी हलका झाला, तरी ज्यांचे घरच वर्षातले पाच-सहा महिने गावाबाहेर असते त्यांच्यासाठी तो अजून उभा आहे. वार, नातलगाची खोली, मिलिंदचे वसतिगृह, एसटीचा डबा आणि आजचा स्वाधार भत्ता या सगळ्या त्या त्या काळाच्या व्यवस्था होत्या. त्या जिथे होत्या तिथे मुले दुसऱ्या वर्षात गेली, आणि जिथे नव्हत्या तिथे अनेकांचे शिक्षण पहिल्या वर्षातच थांबले.